गिऱ्हाईक तपासून घ्यावे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शहराच्या बाजारपेठेत बंदुकीचं एक दुकान असतं. दोन असली तर दुसरं पहिल्याच्या चुलतभावाचं असतं. एका बाजूला साड्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला आयुर्वेदिक काढ्यांचं, आणि मध्ये हे. साडीवाला पायरीवर उभा राहून ‘या ताई, बघून तर जा’ म्हणत असतो. काढेवाला न विचारता तुमची जीभ बघतो. बंदुकीच्या दुकानातला माणूस मात्र चष्म्याच्या वरून तुमच्याकडे बघतो आणि दोनच शब्द बोलतो : ‘लायसन आहे?’ नसलं, की पुन्हा पेपरात डोकं घालतो. किरकोळ व्यापारात गिऱ्हाइकाला इतकी थंड वागणूक फक्त इथे आणि सरकारी बँकेत मिळते. फरक एवढाच, की बँकेत बंदूक दाराशी असते, इथे आत.

त्या माणसाला दोष देता येत नाही. बाकीच्या दुकानांत गिऱ्हाईक माल तपासून घेतं. इथे सरकार गिऱ्हाईक तपासून पाठवतं. तपासून झालेलं गिऱ्हाईक महिन्याकाठी बोटांवर मोजण्याइतकं येतं. उरलेल्या वेळात येतात ते शाळेतून घरी जाणारी मुलं, पत्ता विचारणारे, आणि ‘फुगे फोडायची बंदूक आहे का?’ असं विचारणारे. या शेवटच्यांना हसू नये. जत्रेत फुग्यांचा फळा लावणारा माणूस हा या धंद्यातला सगळ्यांत नेमाने येणारा ग्राहक आहे. तो छर्ऱ्यांचे डबे घेतो, रोख देतो आणि पोलीस आयुक्तांचं नावही काढत नाही.

या दुकानाला एकेकाळी बरे दिवस होते. भिंतीवर अजून एखादं सांबराचं शिंग असतं, त्याखाली रेघारेघांचा शर्ट घातलेल्या आजोबांचा पट्टेरी वाघावर पाय ठेवलेला फोटो. तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे शिकारी. संस्थानिक, इनामदार, डॉक्टर, वकील, आणि वकिलांच्या जीपमधून फुकट जाणारे मित्र. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि एका कायद्यात वाघ वाचला, दुकानदार जायबंदी झाला. मग बँकांनी हात दिला. पैशांच्या गाडीबरोबर दुनळी घेऊन बसणारा सुरक्षारक्षक ही दुकानाची पुढची पिढी. त्या दुनळीतून गोळी सुटलेली आपल्यापैकी कोणी पाहिली नसेल. ती सुटावी अशी अपेक्षाही नसते. ती दिसावी एवढंच तिचं काम. तिसरी पिढी आत्ताची : बिल्डर, सराफ, नगरसेवक, माजी नगरसेवक आणि भावी नगरसेवक. या पिढीला मात्र बंदुकीपेक्षा परवाना प्यारा. बंदूक पँटच्या आत राहते, परवान्याची गोष्ट गावभर हिंडते.

कायदा म्हणाल तर १९५९ चा. अमलात आला १९६२ साली. त्याच्या आधी लॉर्ड लिटनचा १८७८ चा होता. हिंदी माणसाच्या हाती बंदूक गेली तर तो ती साहेबावर रोखेल, अशी लिटनला भीती होती. स्वतंत्र भारताच्या सरकारला भीती होती, की तो ती शेजाऱ्यावर रोखेल. दोन्ही सरकारांनी माणूस बरोबर ओळखला होता.

तर परवाना. शहरात तो पोलीस आयुक्त देतात, जिल्ह्यात कलेक्टर. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. तब्येत आणि डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला हवा. हत्यार घरात सुरक्षित ठेवीन, पोरांच्या हाती लागू देणार नाही, असं लिहून द्यावं लागतं. बंदूक कशी हाताळायची याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र हवं, तेही बंदूक मिळण्याच्या आधी. मग पोलीस चौकशीला येतात. ही चौकशी साधारण स्थळाच्या चौकशीसारखी असते : शेजाऱ्यांना विचारतात, मुलगा पितो का, कोणाशी भांडण आहे का, आधीचं काही प्रकरण आहे का. शेजाऱ्यांनी काय सांगितलं ते आपल्याला कधीच कळत नाही. पण त्या दिवसापासून ते आपल्याशी अतिशय अदबीने वागतात, आणि पार्किंगवरून होणारी रोजची कटकट कायमची मिटते. निम्म्या अर्जदारांचं काम इथेच झालेलं असतं.

खरी परीक्षा पुढे. ‘बंदूक कशाला हवी?’ या रकान्यात प्रत्येक जण ‘स्वसंरक्षणार्थ’ लिहितो. मग साहेबांसमोर उभं राहावं लागतं.

‘तुमच्या जिवाला धोका आहे?’

‘आहे साहेब.’

‘कोणाकडून?’

‘तसं नाव घेऊन सांगता येणार नाही.’

‘मग धोका नाही.’

दुसरा अर्जदार हे बाहेर बाकावर बसून ऐकतो आणि तयारीने आत जातो.

‘कोणाकडून धोका आहे?’

‘चुलतभावाकडून साहेब. बांधावरून वाद आहे. कोर्टात केस चालू आहे. हे कागद.’

साहेब कागद बघतात. ‘म्हणजे तुम्हाला बंदूक दिली तर तुमच्या चुलतभावाला धोका.’

अर्ज निकाली.

म्हणजे अर्जदाराला शत्रू हवा, पण भांडण नको. पैसा हवा, कारण बऱ्याच ठिकाणी आयकराचे कागद मागतात. पण तो पैसा मिळवताना कोणी दुखावलेलं नको. धमकी आलेली हवी, ती पोलिसांत नोंदवलेली हवी, आणि तिच्यामागे आपला काही हात नको. अशी सगळी लक्षणं एका माणसात जमली, तर त्याला बंदुकीची गरजच काय, असाही एक शेरा फायलीवर पडू शकतो. २०१६ च्या नियमांत पोलिसांनी अहवाल किती दिवसांत द्यायचा, निर्णय किती दिवसांत घ्यायचा हे सगळं लिहिलेलं आहे. नियमात दिवस असतात. अर्जदार महिने मोजतो.

तरी महाराष्ट्रातल्या अर्जदाराने स्वतःला भाग्यवान समजावं. मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात २००८ मध्ये प्रशासनाने कुटुंबनियोजनाला चालना देण्यासाठी एक योजना काढली : पुरुषाने नसबंदी करून घ्यावी, बंदुकीच्या परवान्यात त्याला प्राधान्य मिळेल. मर्दानगीची एक खूण जमा करा, दुसरी घेऊन जा. पंजाबात फिरोजपूरला २०१९ मध्ये अर्जदारांना रोपं लावायला सांगितलं, आणि पुरावा म्हणून त्या रोपांबरोबर सेल्फी. त्याच वर्षीच्या थंडीत ग्वाल्हेरच्या प्रशासनाने परवाना मागणाऱ्यांना गोशाळेत ब्लँकेटं द्यायला लावली. गाईच्या अंगावर ब्लँकेट आणि मालकाच्या खांद्यावर दुनळी, असं ते एकंदर दृश्य. या तिन्ही योजनांमागचा विचार मला तरी पटतो. देशात लोक ज्यांच्यासाठी काहीही करायला तयार होतात अशा वस्तू फार थोड्या उरल्या आहेत. सरकारने त्यातून चार झाडं लावून घेतली तर बिघडलं कुठे?

आणि ‘काहीही करायला तयार’ ही अतिशयोक्ती नाही. २०१६ अखेर देशात ३३ लाख ६९ हजार चालू शस्त्र परवाने होते. त्यातले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. याचा अर्थ मराठी माणूस शांत आहे असा काढता येतो, किंवा त्याला फॉर्म भरायचा कंटाळा आहे असाही. दमण-दीवमध्ये १२५ होते, दादरा-नगर हवेलीत तेवढेच. तिथे बंदुकीचं दुकान काढण्याचा विचार कोणी करत असेल तर त्याने आधी फुगेवाल्याशी बोलून घ्यावं.

समजा, मिळाला परवाना. पेढे वाटून झाले. आता खरेदी. दुकानात गेल्यावर कळतं, की मनात होती ती बंदूक मिळणार नाही. सिनेमातल्या नायकाकडे असतं तसं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल हवं असतं. ते ‘प्रोहिबिटेड बोअर’, म्हणजे निषिद्ध. .३८ निषिद्ध, .४५ निषिद्ध, .३०३ निषिद्ध. जी गोळी पोलीस किंवा लष्कराच्या हत्यारात बसते ती नागरिकाला नको, हे जुनं तत्त्व. इंग्रजांच्या फौजेत .३०३ रायफल होती; ती गोळी प्रजेच्या हाती पडू नये म्हणून प्रजेसाठी .३१५ ची निराळी रायफल निघाली. आकड्यांत फरक इंचाच्या बारा सहस्रांशाचा, पण तेवढ्याने एक देशद्रोही ठरते आणि दुसरीने रानडुक्कर मारता येतं. इंग्रज गेले, .३१५ राहिली. हातात बसणाऱ्या हत्यारांत नागरिकाच्या वाट्याला येतं ते मुख्यतः .३२. दुकानदार ते मखमलीवर ठेवतो आणि म्हणतो, ‘हेच घ्या. लोक हेच घेतात.’ दुसरं काय घेणार?

बाहेरून आणायची सोय नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून व्यापारासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे. नावाजलेले नेमबाज आणि परदेशातला मुक्काम हलवून कायमचे घरी येणारे, अशा थोड्यांना सवलत. बाकीच्यांसाठी बाजारात आहेत त्या तेव्हाच्या. त्यामुळे एक चमत्कार झाला. जगात सगळी यंत्रं जुनी झाली की स्वस्त होतात. आपल्याकडे आजोबांची इंग्लिश किंवा जर्मन बंदूक दरवर्षी महाग होत जाते आणि काही लाखांत विकली जाते. मोटार विकत घेतली की दारातून बाहेर पडताच तिची किंमत उतरते. ही मात्र कपाटात बसून चढते. म्हणून काही चाणाक्ष परवानाधारकांनी ती आजवर एकदाही उडवलेली नाही. गुंतवणूक म्हणून घेतली आहे. ते तिला तेल लावतात आणि भाव विचारतात.

विकायची म्हटली तरी सरळ नाही. एका परवानाधारकाने दुसऱ्याला हत्यार विकायचं तर कायद्याने ४५ दिवस आधी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. या ४५ दिवसांत घेणाऱ्याचा विचार बदलतो, विकणाऱ्याच्या बायकोचा विचार बदलतो, आणि भाव तर बदलतोच. मध्यंतरी सरकारने सगळ्या परवान्यांना देशपातळीवरचा एक क्रमांक दिला, त्याला यूआयएन म्हणतात. माणसाला आधार, बंदुकीला यूआयएन. तो न घेणाऱ्याचा परवाना रद्द समजला जाईल, अशी तंबी होती. मग मुदत वाढली. पुन्हा वाढली. पुन्हा वाढली. शिस्तीच्या बाबतीत शस्त्रधारी नागरिक आणि निःशस्त्र नागरिक यांत काही फरक नाही, हे यातून सिद्ध झालं.

नवा माल बराच काळ सरकारी कारखान्यांचाच. काडतुसांच्या बाबतीत तर आपण घरचे आहोत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. बारा बोअरच्या ज्या काडतुसांवर निम्म्या देशाचं शेत राखलं गेलं, ती आपल्या पुण्यातली. पुणेकरांनी याचा गाजावाजा का केला नाही, हे मात्र कोडंच आहे.

रिव्हॉल्व्हर कानपूरचं. २०१४ च्या जानेवारीत तिथल्या कारखान्याने महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावणारं, आणि दागिन्यांसारख्या देखण्या पेटीत. किंमत १,२२,३६० रुपये. रात्री शेवटच्या बसने कामावरून घरी येणाऱ्या बाईसाठी ही योजना होती. सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर परवडणारी बाई शेवटच्या बसने का येईल, हे कारखान्यात कोणी विचारलेलं दिसत नाही. आधी परवाना, मग प्रशिक्षण, मग सव्वा लाख. तोवर गुंडाने थांबायचं. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं. पन्नास मीटरपर्यंत मारा करतं म्हणे. पन्नास मीटरवरचा माणूस आपल्यावर चालून येतोय की बस पकडायला पळतोय, हे कळायला वेगळं प्रशिक्षण लागेल. खासगी कारखान्यांनाही आता वाट मोकळी झाली आहे. वेब्ली अँड स्कॉट हे इंग्लंडातलं खानदानी नाव. त्याची रिव्हॉल्व्हरं आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडिल्यात बनतात. हे गाव आजवर लाडवांसाठी प्रसिद्ध होतं. लाडू बांधणाऱ्या गावाला घट्ट वळण्याचं महत्त्व ठाऊक असणारच.

आणि मग जीएसटी. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर पूर्वी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. चाळीस टक्क्यांच्या पंगतीत कोण कोण बसलंय ते बघण्यासारखं आहे : खासगी विमान, हौशी नौका, मोठी मोटार, सोडा घातलेली गोड पेयं, आणि रिव्हॉल्व्हर. सरकारच्या मते ही सगळी चैन आहे. परवाना देताना तेच सरकार म्हणतं, जिवाला खरोखर धोका असेल तरच देऊ. म्हणजे आयुक्तालयाच्या टेबलावर जी गरज होती, ती दुकानाच्या टेबलावर येईपर्यंत चैन होते. जीव वाचवणं ही इतकी महागडी हौस असेल, तर गोड सोडा पिऊन स्वस्थ बसलेलं बरं. पण त्यावरही चाळीस टक्केच.

इथे धंद्याची जाण असलेला माणूस अमेरिकेकडे बघून उसासा सोडतो. तिथे गिऱ्हाईक दुकानातच फॉर्म भरतं, दुकानदार १९९८ पासून चालू असलेल्या सरकारी यंत्रणेकडे विचारणा करतो, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. तिथला बाजार मात्र अजब. बंदुकांवर निर्बंध आणू म्हणणारे ओबामा अध्यक्ष होते तोवर, उद्या बंदी येईल या भीतीने लोक रांगा लावून खरेदी करत होते. २०१६ मध्ये बंदुकवाल्यांचे लाडके ट्रम्प निवडून आले, भीती गेली, विक्री घसरली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये रेमिंग्टनसारख्या दोनशे वर्षं जुन्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. शत्रू सत्तेवर असताना धंदा तेजीत, मित्र आला आणि दिवाळं वाजलं. आपल्या दुकानदाराला असली चैन नाही. इथे सत्तेवर कोणीही येवो, गिऱ्हाईक तेवढंच.

नाही म्हणायला, एकदा त्याच्याकडे माल आपण होऊन चालत आला. तोपर्यंत एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत होती. २०१९ च्या डिसेंबरात कायदा बदलायला घेतला तेव्हा विधेयकात एकच ठेवा असं होतं. संसदेत खासदारांनी आजोबा-पणजोबांच्या आठवणी काढल्या आणि तडजोड दोनवर झाली. तिसरं हत्यार वर्षभरात पोलिसांत किंवा दुकानदाराकडे जमा करायचं. घराघरांत प्रश्न उभा राहिला : कोणतं द्यायचं? आजोबांची दुनळी, वडिलांची रायफल, की स्वतःचं रिव्हॉल्व्हर? आजोबांचं देववत नाही, स्वतःचं सोडवत नाही. बहुतेक घरांत वडिलांचं गेलं. वडील हयात असतील तिथे वाद झाला. दुकानदाराच्या कपाटात हत्यारांची रांग लागली, आणि विकत घेणाऱ्यांकडे आधीच दोन-दोन होती. मंदीची इतकी निखळ व्याख्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसेल.

याच दुरुस्तीने आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. उत्तरेत याचा धसका बसला असेल. आपल्याकडे वरातीत डीजे लावतात. त्यात जखमी सगळेच होतात, पण कानाने. आपली बंदूक बाहेर निघते ती खंडेनवमीला. तिला पाटावर ठेवतात, हळदीकुंकू वाहतात, झेंडूचं फूल नळीत खोचतात, आणि घरातली बाई दरवर्षी न चुकता विचारते, ‘रिकामी आहे ना?’ दरवर्षी ‘हो’ असं उत्तर येतं. दरवर्षी ती दोन पावलं मागे उभी राहूनच ओवाळते.

पण परवानाधारकाची खरी कसोटी म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की नोटीस येते : हत्यार जमा करा. निकाल लागून वातावरण निवळेपर्यंत ते ठाण्यात. लोकसभा झाली की विधानसभा, मग महापालिका, मग जिल्हा परिषद. लोकशाही जितकी जोमात, तितकी बंदूक ठाण्यात. परवान्यावर कारण लिहिलेलं असतं जिवाला धोका. आणि नेमका निवडणुकीत, जेव्हा धोका सगळ्यांत जास्त, तेव्हाच हत्यार पोलिसांकडे आणि पावती खिशात. कोकणातल्या शेतकऱ्याची तर कमाल. त्याच्याकडे पिढीजात ठासणीची बंदूक, शेतराखणीच्या परवान्यावर. ती ठाण्यात गेली की रानडुकरं आणि वानरं बागेत उतरतात. त्यांना आचारसंहिता लागू नाही. ती कोणाचाच प्रचार करत नाहीत, सरळ नारळ फोडतात.

यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये सांगितलं, की सरसकट सगळ्यांची हत्यारं गोळा करू नका. छाननी समिती नेमा, ज्याच्याबद्दल कारण असेल त्याच्याकडूनच घ्या. निवडणूक आयोगानेही तसं कळवलं. आता छाननी समिती बसते, नीट विचार करते, आणि बहुतेकांना नोटीस येते. यात खुशीत असतो तो दुकानदार. ठाण्याच्या मुद्देमालात आपली बंदूक गंजेल या भीतीने काही जण ती दुकानात ठेवतात, आणि तो भाडं आकारतो. विक्री शून्य, कपाट भरलेलं, भाडं चालू. एरवी पेपरात डोकं घालून बसणारा हा माणूस त्या महिन्यात पेपर वेगळ्या कारणाने वाचतो. पुढची निवडणूक कधी, हे त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या आधी ठाऊक असतं.

अलीकडे मात्र त्याच्या दुकानात आणखी एक गर्दी दिसते. आई, बाबा आणि दहा-बारा वर्षांचं मूल. अबॅकस झालं, बुद्धिबळ झालं, कीबोर्ड आत्याच्या मुलीला दिला, आता शूटिंग. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक आणलं तेव्हा हे सुरू झालं, आणि २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने कांस्य घेतल्यावर तर विचारू नका. कोल्हापूरकरांना त्याचं नवल नाही. त्यांच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्येच विश्वविजेतेपद मिळवलं होतं. ठरावीक ताकदीच्या आतल्या .१७७ च्या एअर रायफलला परवाना लागत नाही. इथे मात्र दुकानदार उठून उभा राहतो. चष्मा पुसतो. ‘या, बसा. पाणी घेणार?’ शेजारचा साडीवाला डोळे विस्फारून बघतो. आई विचारते, यात दहावीला वाढीव गुण मिळतात ना? बाबा विचारतात, हप्त्यावर मिळेल का? मुलाला कोणीच काही विचारत नाही. तो रायफल खांद्याला लावून बघतो, आणि क्षणभर सगळ्या खोलीत तो एकटाच शांत असतो.

असं हे एकंदर शिस्तीचं दुकान. दर गोळीची नोंद, दर गिऱ्हाइकाची फाइल, दर निवडणुकीला हजेरी. आता दुसरी बाजू. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांच्या हाती ७ कोटी ११ लाख बंदुका आहेत, आणि त्यांतल्या नोंद असलेल्या ९७ लाख. म्हणजे बहुसंख्य बंदुकांनी हे दुकान कधी पाहिलंच नाही. रोज पेपरात येतं : गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं बाळगणारा जेरबंद. त्याला कोणी डॉक्टरचा दाखला मागितला नव्हता, त्याने झाड लावलं नव्हतं, आणि आचारसंहितेत कट्टा जमा केल्याचंही ऐकिवात नाही. त्याच्या कट्ट्यावर जीएसटी किती, हे अर्थमंत्र्यांनाही सांगता येणार नाही. आपल्याकडे नियम अतिशय कडक आहेत. ते नियम विचारायला येणाऱ्याला लागू होतात, एवढंच.

म्हणून विचारायला येणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर एक सांगून ठेवतो. आजोबांची बंदूक अजून माळ्यावर, जुन्या सतरंजीत गुंडाळलेली असेल, तर ती तिथे ठेवू नका. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. आता ती विनापरवाना आहे आणि तुम्ही तिचे बाळगणारे. वेळ न लावता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा, पावती घ्या, आणि वारस म्हणून ठेवायची असेल तर स्वतःच्या नावाने अर्ज करा. अर्जात कारण विचारतील. चुलतभावाचं नाव तेवढं लिहू नका.